टायटॅनियम म्हणून दिलेल्या हीट एक्स्चेंजरमध्ये स्टेनलेस स्टीलच्या नळ्या आढळल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्री व गुणवत्ता विभाग

विषय : सूतरंगाई यंत्राच्या हीट एक्स्चेंजरमधील सदोष नळ्या बदलून मिळणे, तसेच धातूची प्रमाणपत्रे मिळणे

महोदय,

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलचे सूत रंगवण्याचा कारखाना आहे. रंगाईच्या यंत्रासाठी आम्ही आपल्याकडून शेल अँड ट्यूब प्रकारचा, म्हणजे कवचात नळ्यांचा गठ्ठा असलेला आणि रंगाईचे पाणी तापवणारा, हीट एक्स्चेंजर घेतला. कोटेशन आणि बिल या दोन्हींवर नळ्यांचे वर्णन ‘टायटॅनियम ग्रेड २’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. प्रत्यक्षात त्यातील काही नळ्या टायटॅनियमच्या नाहीत, आणि हीच या पत्रातील मुख्य तक्रार आहे.

आम्ही टायटॅनियमच का मागितले, हे खरेदीच्या वेळी आपल्या प्रतिनिधींना सविस्तर सांगितले होते. सुतावर रिअॅक्टिव्ह रंग चढवायचा तर दर लिटर पाण्यात ५० ते ६० ग्रॅम मीठ घालावे लागते आणि ते खारे पाणी ६० अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक तापमानाला सतत फिरत ठेवावे लागते. अशा गरम क्लोराइडमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, ३१६ जातीचे स्टेनलेस स्टीलही टिकत नाही. आमच्या जुन्या नळ्यांना सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे पडली होती. टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ पण घट्ट थर असतो, तो खरवडला गेला तरी पाण्यातील वा हवेतील ऑक्सिजनमुळे लगेच पुन्हा तयार होतो, आणि मिठाचे पाणी त्याला सहसा भेदू शकत नाही. समुद्राचे पाणी वापरणारे कंडेन्सर आणि खाऱ्या सांडपाण्याचे बाष्पीभवन करणारी संयंत्रे याच कारणासाठी टायटॅनियमच्या नळ्या वापरतात.

नवीन एक्स्चेंजर बसवल्यावर थोड्याच काळात फिकट गुलाबी आणि मोतिया शेडच्या सुतावर तपकिरी डाग दिसू लागले. मीठ बदलून पाहिले, पाणी तपासले, पण डाग थांबले नाहीत. शेवटी एक्स्चेंजर उघडला तेव्हा बहुतेक नळ्या स्वच्छ राखाडी होत्या आणि मध्येच काही नळ्यांच्या तोंडाशी गंज व खड्डे होते. टायटॅनियमला तांबूस गंज चढत नाही. तरीही बाहेरून लोखंडाचे कण चिकटले असतील, ही शक्यता गृहीत धरून आम्ही नळ्या आम्लाने धुऊन घेतल्या. खड्डे तसेच राहिले.

चुंबकाने काही सिद्ध झाले नाही, कारण ३१६ स्टीलही सहसा चुंबकाला चिकटत नाही. म्हणून एक गंजलेली आणि एक स्वच्छ अशा दोन नळ्या काढून त्यांचे सारख्या लांबीचे तुकडे केले आणि ते आधी हवेत, मग पाण्यात बुडवून तोलले. गंजलेल्या नळीचा तुकडा हवेत ६३ ग्रॅम आणि पाण्यात ५५ ग्रॅम भरला, म्हणजे तिची घनता (हवेतले वजन भागिले पाण्यात घटलेले वजन) दर घनसेंटिमीटरला सुमारे ७.९ ग्रॅम येते. स्वच्छ नळीचा तुकडा अनुक्रमे ३६ आणि २८ ग्रॅम भरला, म्हणजे घनता ४.५. पहिला आकडा स्टीलचा आहे आणि दुसरा टायटॅनियमचा. ग्राइंडरवर धरल्यावर स्वच्छ नळीतून झळझळीत पांढऱ्या ठिणग्या उडाल्या, गंजलेलीतून नारिंगी. वजनातला हा फरक हातात धरूनही जाणवतो, त्यामुळे आपल्या कारखान्यात नळ्या ट्यूबशीटमध्ये (नळ्यांची तोंडे धरणाऱ्या छिद्रांच्या जाड पत्र्यात) फुगवून बसवताना तो कोणाच्याच लक्षात कसा आला नाही, हे आम्हाला समजत नाही.

या भेसळीने दुहेरी नुकसान होते. स्टीलच्या नळीत एकदा खड्डा पडू लागला की तिला लागून असलेले टायटॅनियम कॅथोडचे, म्हणजे स्वतः न झिजता शेजारच्या धातूला झिजवणाऱ्या टोकाचे, काम करते आणि स्टीलची झीज वाढवते. म्हणजे केवळ स्टीलचा एक्स्चेंजर घेतला असता तर झाली असती त्याहून ही हानी लवकर होते.

आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ‘मानवी हाडांत बसवला जाणारा धातू’ असे लिहून सांध्याच्या रोपणाचे चित्र छापलेले आहे. माझ्या वडिलांच्या खुब्यात टायटॅनियमचे रोपण आहे, म्हणून या विधानाबद्दल मला आस्थेने लिहावेसे वाटते. खुब्याच्या रोपणासाठी बहुधा ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू वापरतात. शरीर तो स्वीकारते, हाड त्याच्या पृष्ठभागाशी घट्ट जुळते, आणि त्याची ताठरता स्टीलच्या जवळपास निम्मी असल्याने हाडावरचा भार पूर्णपणे हिरावला जात नाही. आपली ग्रेड २ नळी म्हणजे व्यापारी शुद्ध टायटॅनियम. ते वेगळे, त्याची प्रमाणके वेगळी. पण खरा फरक कागदांत आहे. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार रोपणाच्या वेष्टनावर लॉट क्रमांक असावा लागतो, आणि त्याचे स्टिकर वडिलांच्या डिस्चार्जच्या फाइलमध्ये आजही चिकटवलेले आहे. आपण आम्हाला हीट नंबर (धातू ज्या ओतणीतून आला तिचा क्रमांक) दिला नाही, मिल टेस्ट सर्टिफिकेट (धातू बनवणाऱ्या कारखान्याचे तपासणीपत्र) दिले नाही, नळ्यांवर एएसटीएम बी ३३८ या टायटॅनियम नळ्यांच्या प्रमाणकाचा शिक्काही नाही. वैद्यकीय धातूचे नाव घ्यायचे आणि त्याची शिस्त मात्र पाळायची नाही, हे योग्य नव्हे.

त्याच पत्रकात ‘कोणत्याही रसायनात सुरक्षित’ असाही दावा आहे, आणि आपल्या प्रतिनिधींनी आमच्या वेगळ्या ब्लीचिंग यंत्रालाही हाच एक्स्चेंजर सुचवला होता. गरम अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइड टायटॅनियमला खाते. दुसऱ्या एखाद्या कारखानदाराने या वाक्यावर विसंबून खरेदी करण्यापूर्वी ते काढून टाकावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

किमतीबद्दल आमची तक्रार नाही. केरळच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट मुबलक असले तरी त्यातून क्लोरीन व मॅग्नेशियमच्या साहाय्याने धातू काढणे आणि तो निर्वातात वितळवणे खर्चिक असते, हे जाणून आम्ही स्टीलच्या कितीतरी पट रक्कम मोजली. ती टायटॅनियमसाठी मोजली होती. वर्णनानुसार विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, अशी माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ मधील तरतूद आहे.

तरी आपल्या तंत्रज्ञांनी सोलापुरात येऊन आमच्या समक्ष प्रत्येक नळीची पीएमआय (धातू कोणता आहे हे उपकरणाने ओळखण्याची) तपासणी करावी, नळ्यांचा संपूर्ण गठ्ठा प्रमाणपत्रांसह स्वखर्चाने बदलून द्यावा आणि डाग पडलेल्या सुताची भरपाई करावी. याच खेपेतून आणखी कोणाला एक्स्चेंजर गेले असतील तर त्यांनाही कळवावे. रंगाईत एक लॉट बिघडला की लहान कारखान्याचा महिना बिघडतो. या पत्राचे लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे. दोन्ही नळ्यांचे उरलेले तुकडे तपासणीसाठी जपून ठेवले आहेत.

आपला,
मालक, सूतरंगाई कारखाना,
अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहत, सोलापूर

सोबत : बिल व कोटेशनच्या प्रती, नळ्यांची छायाचित्रे, वजनाची नोंद, डाग पडलेल्या सुताचे नमुने