सर्व्हर पिंग होतो, तरी पान का उघडत नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑनलाइन अर्ज भरताना संकेतस्थळाशी जोडणी होते, पण पान मध्येच अडकून पडते, हा अनुभव अनेकांना आहे. तक्रार केली, की ‘सर्व्हर पिंग होतोय’ (म्हणजे हाक मारली, की तो ओ देतो) एवढ्यावर बोळवण होते. या दुखण्याची कारणे अनेक असली, तरी त्यांपैकी एक निव्वळ फाजील सावधगिरीतून ओढवून घेतलेले आहे.

इंटरनेटवर माहिती पॅकेट नावाच्या छोट्या गठ्ठ्यांतून जाते. ते गठ्ठे पुढे धाडणारी राउटर ही यंत्रे आपल्या अडचणी आयसीएमपी या प्रोटोकॉलद्वारे, म्हणजे निरोपांच्या ठरावीक नियमावलीद्वारे, कळवतात. १९८१ साली प्रमाणित झालेल्या या प्रोटोकॉलचा पिंग हा केवळ एक उपयोग. माइक म्यूस यांनी तो प्रोग्राम १९८३ मध्ये लिहिला. ‘पत्त्यापर्यंत पोहोचता येत नाही’, ‘पॅकेटची मुदत संपली’ (पॅकेटचा मार्ग शोधणारा ट्रेसराउट हा प्रोग्राम यावरच चालतो) आणि ‘पॅकेट फार मोठे आहे’ हे निरोपही याच वाटेने येतात.

यातला शेवटचा निरोप फार मोलाचा आहे. इथरनेटवर, म्हणजे तारेच्या नेहमीच्या जाळ्यावर, साधारणपणे १५०० बाइटचे पॅकेट चालते. पीपीपीओई पद्धतीच्या ब्रॉडबँडवर ८ बाइट वेष्टनात जाऊन १४९२ उरतात. सर्व्हरने १५०० बाइटचे पॅकेट ‘तुकडे करू नयेत’ अशा खुणेसह पाठवले, तर वाटेतला राउटर ते टाकून देतो आणि किती आकार चालेल ते सर्व्हरला कळवतो. मात्र फायरवॉलने (पॅकेटांची ये-जा गाळणाऱ्या सुरक्षाभिंतीने) पिंगपुरती मुभा ठेवून बाकीचे आयसीएमपी अडवले असेल, तर हा निरोप पोहोचतच नाही आणि सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा धाडत राहतो. विंडोजच्या पिंगमध्ये मुळात ३२ बाइटच मजकूर असतो; ते चिमुकले पॅकेट बिनदिक्कत जाऊन येते आणि तपासणारा निर्धास्त होतो! राउटरवर टीसीपीच्या (माहिती खात्रीने पोहोचवणाऱ्या प्रोटोकॉलच्या) तुकड्यांचा आकार आधीच कमी करून घेण्याचा इलाज प्रचलित आहे, पण तो टीसीपीपुरताच.

१९९० च्या दशकात अवाजवी मोठ्या पिंगने संगणक बंद पाडणाऱ्या ‘पिंग ऑफ डेथ’सारखे हल्ले झाले, तेव्हापासून आयसीएमपीची धास्ती बसली. त्या त्रुटी केव्हाच बुजवल्या गेल्या आहेत. मार्ग बदलण्याचे निरोप बाहेरून स्वीकारू नयेत आणि पिंगच्या संख्येवर मर्यादा घालावी, हे रास्तच आहे. परंतु आयपीव्ही६ या इंटरनेटच्या नव्या प्रोटोकॉलमध्ये वाटेतल्या राउटरला पॅकेटचे तुकडे करण्याची मुभाच नाही; तिथे आकाराचा निरोप अडवणे म्हणजे दळणवळणच तोडणे होय.

म्हणून सार्वजनिक संकेतस्थळांच्या निविदांत आणि सुरक्षा तपासणीच्या याद्यांत ‘आयसीएमपी बंद’ असे सरसकट कलम न घालता, कोणते निरोप येऊ द्यायचे हे प्रकारनिहाय नमूद करावे, अशी संबंधितांना विनंती आहे.

आपला,
एक नेटवर्क अभियंता, नाशिक