मागच्या रांगेतल्या निळ्या फ्रॉककडे बघणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

आपल्या गणिताच्या ग्रुपवर कालपासून तुमच्या निवृत्तीच्या शुभेच्छा धो धो येतायत. तेच गुलाब, तीच समई, तेच 'भावी आयुष्य सुखसमृद्धीचे व निरोगी जावो'. एकाने तर घाईत 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'च चिकटवल्यात. तशी ती फार मोठी चूक नाही म्हणा. मास्तर लोकांत निम्म्यांची जन्मतारीख 1 जून, तशीच तुमचीही. 31 मेला निरोप समारंभ आणि दुसऱ्या दिवशी वाढदिवस.

मी ग्रुपवर काहीच टाकलं नाही. मला जे म्हणायचंय ते गुलाबात मावत नाही, म्हणून हे उघडं पत्र. तुमचं नाव आणि गाव लिहीत नाही. ते तुम्हाला रुचणार नाही, एवढं मी तुम्हाला न भेटताही ओळखतो. आपण एकदाही भेटलेलो नाही, हे सांगितलं तर आमच्या घरी अजून कुणाला खरं वाटत नाही.

मी ग्रुपवर टाकलेला माझ्या वर्गाचा तो व्हिडिओ तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. सप्टेंबर 2023. मोखाडा तालुक्यातली आमची दोन शिक्षकांची शाळा, माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र, 26 मुलं, पत्र्यावर पाऊस. दुसरीतली निम्मी पोरं 'पंचवीस' म्हटलं की 52 लिहायची. छत्तीसचे 63, सत्तेचाळीसचे 74. तोंडी बेरीज विचारली तर बरोबर, पाटीवर आली की उलटी. मी रागावून पाहिलं, प्रेमाने पाहिलं, दहा-दहा वेळा लिहून घेतलं. काही फरक नाही.

कुणाला विचारलं नव्हतं असंही नाही. प्रशिक्षणात हात वर करून विचारलं, तर प्रशिक्षण देणारे साधनव्यक्ती म्हणाले, "सराव घ्या सर, होईल." मग बॅनरसह ग्रुप फोटो झाला आणि आम्ही जेवायला गेलो. शाळाभेटीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'संख्यालेखन कच्चे. सुधारणा करावी.' सुधारणा करावी हे मलाही कळत होतं. कशी करावी, ते लिहायला त्या पानावर जागा उरली नसावी.

ऑनलाइन शिकण्याबद्दल म्हणाल, तर त्यातला मोठा गुन्हेगार मीच. 2020 मध्ये शिक्षकांचं 'निष्ठा' प्रशिक्षण 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावर आलं, 18 मॉड्यूल. मी फोन चार्जिंगला लावायचो, आवाज बंद करून व्हिडिओ चालू ठेवायचो आणि अंघोळीला जायचो. प्रश्नमंजुषेची उत्तरं कुठून ना कुठून यायचीच. 18 प्रमाणपत्रं फाइलला लावली. नंतर त्यातले दोन-तीन कोर्स खरोखर बसून बघितले. चांगले होते. पण माझ्या पाटीवरचे 52 त्या व्हिडिओतल्या माणसाला दिसत नव्हते आणि मला त्याला मध्येच थांबवून विचारता येत नव्हतं.

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर तर शिकण्याबिकण्याचा विषयच नसतो. 'आज 5 वाजेपर्यंत सर्वांनी लिंक भरावी', 'खालील शाळांची माहिती अप्राप्त', 'माहिती नसल्यास निरंक कळवावे'. कधी कधी वाटतं, आपण मास्तर नाही, निरंक कळवणारी माणसं आहोत.

तुमचा-माझा ग्रुप वेगळा होता. पहिली-दुसरीच्या गणितासाठी लॉकडाऊनमध्ये कुणीतरी काढलेला, राज्यभरातल्या अनोळखी मास्तरांचा. शेवटी तिथे टाकून बघू, असं ठरवलं. फोन फळ्याशेजारच्या कपाटावर उभा केला आणि तास घेतला. चार मिनिटं बारा सेकंदांचा तुकडा. शाळेत रेंज नाही, म्हणून पाण्याच्या टाकीजवळच्या टेकाडावर चढून तो पाठवला. खाली लिहिलं, 'मुलं संख्या उलटी लिहितात, काय करू?'

अर्ध्या मिनिटात पहिला अंगठा आला. चार मिनिटांच्या व्हिडिओला अर्ध्या मिनिटात अंगठा! संध्याकाळपर्यंत असे 43 झाले. 'खूप छान सर.' 'उपक्रमशील शिक्षकाचे अभिनंदन.' मी मदत मागत होतो आणि लोक मला हार घालत होते.

तुमचा निरोप रात्री पावणेअकराचा होता, ग्रुपवर नाही, माझ्या नंबरवर. मला तो सकाळी टेकाडावर मिळाला. आठ सेकंदांची व्हॉइस नोट, बोलण्याला कन्नड हेल. "सर, तीन मिनिटं दहा सेकंदांवर थांबवा. मागची रांग, निळा फ्रॉक. तिचे ओठ बघा."

बस, एवढंच. ना 'नमस्कार सर, मी अमुक शाळेतून', ना 'आपला व्हिडिओ पाहिला'.

तिथेच उभा राहून पाहिलं. एकदा, दोनदा, पाचदा. 'पंच' म्हणताना तिचे ओठ मिटले, पेन्सिल टेकली आणि 5 उमटला. मग 'वीस', आणि पुढे 2. ऐकलं त्याच क्रमाने ती लिहीत होती. जितकं नीट ऐकत होती तितकं नीट चुकत होती. मग तुमची दुसरी नोट ऐकली. "उलटं ती लिहीत नाही सर. उलटं आपण बोलतो."

बाई, त्या क्षणी मला काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. उपाय सापडल्याचा आनंद होताच. पण त्याहून जास्त असं वाटलं, की अरे, या बाईंनी बघितलं! फोनच्या पडद्यावर ती मुलगी नखाएवढी दिसते. दिवसभर शाळा, मग स्वयंपाक, भांडी, उद्याची तयारी, आणि त्यानंतर तुम्ही पावणेअकराला एका अनोळखी मास्तरचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघता, मध्ये थांबवता, मागे नेता, पुन्हा बघता. एकदा बघून तीन मिनिटं दहा सेकंद हे कळत नाही. अकरा वर्षांच्या नोकरीत माझी मुलं कितीतरी जणांनी मोजली, वजन-उंचीच्या तक्त्यात भरली, जिओटॅग फोटोत पकडली. बघितली तुम्ही. आणि खरं सांगू? मीही बघितली नव्हती. ती त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे माझं लक्ष जात नव्हतं.

पुढचं तुम्ही फोनवर सांगितलंत. तुमच्याकडे, जत तालुक्यात, मुलं घरी कन्नड बोलतात. इप्पत्तैदु. इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. वीस आधी. तोच मुलगा कन्नडमध्ये सांगितलं की 25 लिहितो आणि मराठीत सांगितलं की 52. मग चूक कुणाच्या डोक्यात आहे, असं तुम्ही हसत विचारलंत.

तेव्हा मला 2019 आठवलं. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात संख्या 'वीस एक', 'वीस दोन' अशा वाचायला दिल्या होत्या आणि अख्खा महाराष्ट्र हसला होता. प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीने सांगत होत्या की बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम जुळला तर लहान मुलांना सोपं जातं. त्या वेळी मीही विनोद पुढे ढकलत होतो. दुसरीला शिकवणारा मास्तर, समोर 52 लिहिणारी पोरं, आणि मी विनोद फॉरवर्ड करतोय. हे कधीतरी कबूल करायचंच होतं.

दशकाचे गठ्ठे, दहाच्या खोट्या नोटा हे सगळं इथे सांगत बसत नाही. आमची गणित पेटी कपाटात कुलपात होती, 'साहित्य हरवू नये' म्हणून. ती बाहेर काढली एवढंच.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी. हे सगळं तुम्हाला ग्रुपवर टाकता आलं असतं. 43 अंगठे माझ्याकडून तुमच्याकडे वळले असते आणि मी सगळ्यांसमोर उघडा पडलो असतो. तुम्ही तसं केलं नाहीत. उलट आठ दिवसांनी स्वतःच्याच वर्गाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकलात आणि खाली लिहिलंत, 'माझीही दोन मुलं अजून उलटं लिहितात. कुणाला काही सुचतंय का?' त्या दिवशी पहिल्यांदा ग्रुप बोलला. मेळघाटातल्या एका सरांनी घरी कोरकू बोलणाऱ्या मुलांचं सांगितलं, चिपळूणच्या मॅडमनी हातच्याच्या वजाबाकीतला घोळ दाखवला. आता लोक 'फसलेला तास' असं नाव देऊन व्हिडिओ टाकतात आणि अंगठा दाखवणाऱ्याला 'कुठल्या मिनिटाला?' असं विचारलं जातं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा सगळीकडे त्यांच्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडची चर्चा होती. मला मात्र अजून आठवतं ते त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटली ते. स्पर्धेत उभं राहून शेजाऱ्याचा विचार करायचा, ही जात वेगळीच असते. तुमच्याकडे बक्षीस नव्हतं, म्हणून तुम्ही स्वतःची चूक वाटलीत.

निळ्या फ्रॉकचं सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. आमच्याकडची निम्मी घरं जातात. तुमच्या त्या नोटनंतर माझ्या हातात जेमतेम सहा-सात आठवडे होते. चार महिने 'सराव घ्या, होईल' करत बसलो असतो तर ती 52 घेऊनच भट्टीवर गेली असती. जूनमध्ये ती परत आली, तिसरीत, फ्रॉक आखूड झालेला. पंचवीस सांगितलं, तिने बरोबर लिहिलं. छत्तीस सांगितलं, 63 लिहिलं. मी गप्प बसलो. तिने ओठ हलवले, पाटीकडे बघितलं, थुंकी लावून पुसलं आणि 36 लिहिलं. हे मी चित्रित केलं नाही. फोन आणायला उठलो असतो तर ते बघायचं राहिलं असतं.

बाई, निवृत्त झालेले लोक 'सर्वांचे मनःपूर्वक आभार' लिहितात आणि दुसऱ्या मिनिटाला ग्रुप सोडतात, अशी आपल्याकडे रीत आहे. तुम्ही ती पाळू नका. पेन्शनच्या कागदांतून, नातवंडांतून जमेल तेव्हाच बघा, पण ग्रुपवर राहा.

आणि हो, भागाकाराचा एक तास फसलाय. पाच मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे, आज टेकाडावर जाऊन तुमच्या नंबरवर पाठवतोय. खिडकीजवळच्या मुलाचं काहीतरी बिनसतंय असं वाटतं, पण नेमकं कुठे ते मला दिसत नाही.

तुमचा,
मोखाड्याचा एक मास्तर