आधी प्लगइन बंद करून बघा, मग कार्ड बदला

संपादक महोदय, स.न.वि.वि.

लग्नसराई आली की आम्हा एडिटिंगवाल्यांचं एकच रडगाणं, हळदीच्या क्लिपवर प्लगइनमधला (एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम) ग्लोचा, म्हणजे चमकीचा, इफेक्ट टाकला आणि एक्सपोर्टमध्ये मधेच हिरवी फ्रेम आली, नाहीतर नवरीच्या चेहऱ्यावर काळे चौकोन, की लगेच कोणीतरी सांगणार ग्राफिक कार्ड गेलं, नवीन घ्या. अहो थांबा की जरा! आधी त्या क्लिपवरचे इफेक्ट एकेक करून बंद करा, कोणता बंद केल्यावर घाण जाते ते कळलं की निम्मं काम झालं. मग प्रीमिअर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर प्रोजेक्ट सेटिंगमध्ये रेंडरर, म्हणजे चित्र कोण तयार करणार ते, जीपीयूवरून (ग्राफिक कार्डच्या चिपवरून) 'सॉफ्टवेअर ओन्ली' करा, आता चित्र स्वच्छ आलं तर बहुतेक वेळा प्लगइन आणि जीपीयूच्या ड्रायव्हरचं (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) जमत नाहीये एवढंच. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर गेमसाठीच्या 'गेम रेडी'ऐवजी एडिटिंगसाठीचा 'स्टुडिओ' ड्रायव्हर टाका, आणि नवीन ड्रायव्हरनंतरच त्रास सुरू झाला असेल तर सरळ जुना परत टाका. उद्याच डिलिव्हरी असेल तर सॉफ्टवेअर ओन्लीवरच रात्रभर एक्सपोर्ट लावून झोपा, वेळ लागतो पण फ्रेम फाटत नाही.

जुन्या रेंडर फाइल्स (आधीच तयार करून साठवलेले प्रिव्ह्यू) उडवायला मात्र सगळे विसरतात. ड्रायव्हर बदलला तरी टाइमलाइन कधीकधी तीच खराब प्रिव्ह्यू दाखवत बसते, आणि एक्सपोर्टला 'यूज प्रिव्ह्यूज'वर टिक असेल तर तीच घाण फायनल व्हिडिओत. क्रॅक, म्हणजे पैसे न देता चोरून वापरलेल्या, प्लगइनबद्दल तर बोलायलाच नको.

तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला मोबाईलचे रिव्ह्यू छापता, कधीतरी हेही छापा की.

– एक लग्नाचा एडिटर, सातारा