शीतगृहातील फळांच्या वासाकडेही लक्ष हवे

महोदय,

शीतगृहात साठवलेल्या फळांची प्रत अजूनही बहुधा नमुन्याची फळे कापून ठरवली जाते. वास्तविक फळे सतत वायुरूप संयुगे बाहेर टाकत असतात आणि त्यांवरून आतली स्थिती फळ न कापताही बरीचशी कळू शकते. नियंत्रित वातावरणाच्या कोठीत, म्हणजे फळे टिकावीत म्हणून ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवलेल्या खोलीत, तो प्रमाणाबाहेर घटला, की सफरचंदात किण्वन (आंबण्याची क्रिया) सुरू होऊन इथेनॉल व ॲसिटाल्डिहाइड वाढते, आणि सालीवर काही दिसण्याआधीच ही वाढ हवेच्या नमुन्यात पकडता येते. केवळ इथिलीन हा फळे पिकवणारा वायू मोजून थांबणे मला अपुरे वाटते, कारण ते प्रामुख्याने पिकण्याची चाहूल देते, गुदमरण्याची नव्हे. मात्र कोठीतील ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत असे वायू टिपणारे धातू-ऑक्साइडचे संवेदक (सेन्सर) भरकटून चुकीचे आकडे देऊ शकतात, हे विक्रेत्यांनी स्पष्ट सांगावे. नियमित अंशशोधनाविना, म्हणजे ज्ञात प्रमाणाशी ताडून संवेदक जुळवून घेतल्याविना, मिळालेले आकडे कोठीचालकाच्या काय कामाचे?

– एक वाचक