यॉर्कशायर पुडिंग गोड नसते

महोदय,
रविवारच्या पुरवणीत यॉर्कशायर पुडिंगला 'गोड पदार्थ' म्हटले आहे. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये 11 वर्षे राहून सांगते, हा भाजलेल्या मांसाबरोबर खायचा, ओव्हनमध्ये फुगवलेला खारा पदार्थ; त्यात साखरेचा कणही नसतो. अंडी, दूध, मैदा वाटीने समसमान, चिमूटभर मीठ. अर्धा तास झाकून ठेवायचे. साच्यातले तेल धूर निघेपर्यंत तापवायचे, मगच पीठ ओतायचे. मध्येच ओव्हन उघडला की फुगलेली पुडिंगे बसतात. माझी पहिली बारा अशीच बसली. सासूबाई म्हणाल्या, ''घावनं केलीस का गं?''

पूर्वी ही पुडिंगे मांसाच्या आधी ग्रेव्हीबरोबर वाढत, म्हणजे पोट थोडे भरून महागडे मांस पुरत असे. आणि मांसासोबतच्या झणझणीत हॉर्सरॅडिश (एक तिखट मूळ) सॉससाठी हिंदुस्थानातले इंग्रज चक्क आपल्या शेवग्याचे मूळ किसत!

— एक वाचक, लीड्स