क्रिकेट आणि बेसबॉल एकाच मैदानावर : आधी खेळपट्टीची जागा ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील विद्यापीठाने नवे स्टेडियम बांधताना ते बेसबॉल आणि क्रिकेट या दोन्ही खेळांसाठी बांधावे, ही कल्पना आता गांभीर्याने मांडली जाते. व्हर्जिनियातील जॉर्ज मेसन विद्यापीठाने २०२२ मध्ये मेजर लीग क्रिकेट या अमेरिकेतील टी-२० स्पर्धेतल्या वॉशिंग्टनच्या संघासाठी असा प्रस्ताव चर्चेला घेतल्याचे जाहीर केले होते. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी क्रिकेट आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ एकदमच मंजूर झाले. त्यामुळे ‘दोन्ही चेंडू-फळीचेच खेळ, मैदान वाटून घ्यायला काय हरकत आहे’ असा सूर ऐकू येतो. हरकत काहीच नाही. मात्र मैदानाची आखणी आणि देखभाल जवळून जाणणाऱ्यांच्या दृष्टीने यातले निर्णय कोणत्या क्रमाने घेतले जातात यावर सगळे अवलंबून आहे, आणि तो क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. आधी बेसबॉलचा प्रेक्षागार कागदावर आखला जातो आणि उरलेल्या हिरवळीत खेळपट्टी कुठे बसते ते नंतर पाहिले जाते.

आधी दिशेबद्दल, कारण इथे नशीब चांगले आहे. बेसबॉलच्या नियमपुस्तकात होम प्लेटपासून (जिथे फलंदाज उभा राहतो) पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, पट्टीवरून त्याच्या मागच्या दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, अशी शिफारस आहे. दुपार कलल्यावर सूर्य फलंदाजाच्या डोळ्यांत येऊ नये, हा तिचा हेतू. क्रिकेटची खेळपट्टी त्याच कारणासाठी साधारण उत्तर-दक्षिण ठेवतात. आता बेसबॉलच्या त्या रेषेला काटकोनात खेळपट्टी टाकली, तर ती उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय अशी येते, म्हणजे क्रिकेटला हवी तशीच. तेव्हा खेळपट्टी बेसबॉलच्या मैदानात आडवी हवी, उभी नव्हे. एवढे एक ठरले की पुढची गणिते सुटू लागतात.

आता मापे. महाविद्यालयीन बेसबॉलच्या चांगल्या मैदानात फाउल लाइनवर (होम प्लेटपासून दोन्ही बाजूंना जाणाऱ्या, खेळाची हद्द ठरवणाऱ्या रेषांवर) कुंपण ३३० फुटांवर, म्हणजे १००.६ मीटरवर असते आणि मध्यभागी ४०० फुटांवर, म्हणजे १२२ मीटरवर. होम प्लेटच्या मागे ६० फूट मोकळी जागा सोडतात. मागच्या भिंतीपासून मध्यकुंपणापर्यंत एकूण १४० मीटर मिळतात. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून किमान ६५ यार्ड, म्हणजे ५९.४३ मीटर हवी आणि दोर कुंपणाच्या किमान ३ यार्ड आत हवा. म्हणजे कुंपणापर्यंतची त्रिज्या ६२ मीटरच्या वर, व्यास सुमारे १२५. कागदावर हे १४० मध्ये बसते आणि इथेच फसगत होते.

सीमारेषेचे अंतर त्या दिवशी वापरात असलेल्या खेळपट्टीच्या, म्हणजे पट्टीच्या, मध्यापासून मोजतात. एका पट्टीची रुंदी ३.०५ मीटर. हंगाम निभवायचा तर चौकात, म्हणजे पट्ट्या शेजारीशेजारी असतात त्या मधल्या भागात, किमान ८ पट्ट्या लागतात, कारण एक पट्टी वापरल्यावर तिला सावरायला काही आठवडे जातात. सर्वांत कडेची पट्टी चौकाच्या मध्यापासून १०.७ मीटर सरकलेली असते. ६२ मीटरच्या वर्तुळात तिच्यावर सामना ठेवला, तर एका बाजूची सीमारेषा ४९ मीटरपेक्षाही जवळ येते. म्हणजे ८ पट्ट्यांपैकी नियमात बसणारी पट्टी जवळपास उरतच नाही. सगळ्या पट्ट्या वापरता याव्यात तर कुंपणापर्यंतची त्रिज्या ७३ मीटर धरावी लागते आणि व्यास १४६ होतो.

हे वर्तुळ बसवताना त्याचा मध्य होम प्लेटपासून ७० मीटरवर घ्यावा. त्याहून जवळ घेतला तर फाउल लाइनच्या बाहेरची मोकळी जागा अवाच्या सवा वाढते. ६० मीटरवर घेतल्यास ती ३० मीटर लागते आणि बेसबॉलचे प्रेक्षक खेळापासून फार दूर जातात. ७० वर घेतल्यास ती साडेतेविसांवर येते. तीही नेहमीपेक्षा जास्तच आहे. बेसबॉलचे प्रशिक्षक तक्रार करतील, आणि ती रास्त असेल, कारण एरवी प्रेक्षकांत जाणारे उंच फाउल चेंडू इथे झेलले जातील. पण ही तडजोड सोसण्यासारखी आहे. मध्याच्या दिशेला कायमचे कुंपण १४३ मीटरवर जाते. बेसबॉलच्या हंगामात १२२ मीटरवर तात्पुरते, गादी लावलेले कुंपण उभे करायचे. मैदान मोठ्या मापाचे बांधून बेसबॉलसाठी आत ओढून घेता येते. लहान बांधलेले मैदान क्रिकेटसाठी बाहेर ढकलता येत नाही, कारण तिथे तोवर काँक्रीटचे सज्जे उभे असतात.

या मांडणीत चौक होम प्लेटपासून साधारण ५८ ते ८२ मीटरच्या पट्ट्यात येतो. इनफिल्डच्या, म्हणजे बेसभोवतालच्या आतल्या भागाच्या, मातीची कमान पिचरच्या पट्टीपासून ९५ फुटांवर, म्हणजे होम प्लेटपासून ४७ मीटरवर संपते. चौक मातीपासून १० मीटर दूर राहिला. इनफिल्डर त्याच्या अलीकडे उभे असतात आणि मधला आउटफिल्डर (बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक) पलीकडे. बेसबॉलमध्ये मैदानाच्या या भागात कोणी ठाण मांडून उभे राहत नाही, त्यामुळे बुटांच्या धातूच्या खिळ्यांचा मार सर्वांत कमी बसतो. पण पिचरच्या डोक्यावरून सरळ गेलेला फटका नेमका चौकावरच टप्पा घेतो. चौक रोलरने घट्ट केलेला असेल तर तो चेंडू आउटफिल्डरच्या खांद्यावरून उडेल. म्हणून बेसबॉलच्या हंगामात चौकावर रोलर फिरवायचा नाही, गवत २५ मिलिमीटरच्या वर ठेवायचे.

खरा पेच पुढे आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन बेसबॉल फेब्रुवारीच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत चालतो आणि मेजर लीग क्रिकेट जून-जुलैत. वेळापत्रक पाहणाऱ्याला वाटते, एक संपतो तिथे दुसरा सुरू होतो, याहून चांगले काय? मातीचे वेळापत्रक मात्र वेगळे असते. जूनमध्ये चांगली खेळपट्टी हवी असेल तर चौकाची मुख्य दबाई एप्रिल-मेमध्ये करावी लागते. चिकणमाती ओलसर असताना हलक्या रोलरपासून जड रोलरपर्यंत टप्प्याटप्प्याने ती खालपर्यंत घट्ट करत आणायची. हे काम चार दिवसांत उरकता येत नाही. माती कोरडी असताना दाबली तर वरचे दोन-तीन सेंटिमीटरच बसतात, खालचा थर पोकळ राहतो आणि चेंडू कधी गुडघ्याखाली तर कधी छातीवर येतो. म्हणजे ज्या महिन्यांत बेसबॉलला चौक मऊ हवा, त्याच महिन्यांत क्रिकेटला तो घट्ट करायचा असतो.

व्हर्जिनिया-मेरीलँडच्या हवामानात यात गवताचीही भर पडते. तिथे हरळी हिवाळ्यात सुकून पिवळी पडते आणि जमीन पुरेशी तापेपर्यंत, म्हणजे साधारण मे उजाडेपर्यंत वाढत नाही. मार्चमध्ये पडलेला खड्डा मार्चमध्ये भरून येत नाही. वर राय हे थंडीत वाढणारे गवत पेरले तर मैदान हिरवे दिसते, पण मेमध्ये तेच राय हरळीची वाट अडवते. चौकापुरते तरी राय पेरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर व्यवहार्य तोडगा एकच. ८ पैकी होम प्लेटकडच्या ४ पट्ट्या मे संपेपर्यंत मऊ ठेवायच्या आणि लांबच्या ४ पट्ट्यांची दबाई एप्रिलच्या मध्यापासून सुरू करायची. बेसबॉलचे घरचे सामने सलग दोन आठवडे बाहेर जातील अशी एक खिडकी त्या काळात हवी. जूनचे सामने लांबच्या पट्ट्यांवर आणि जुलैचे जवळच्या पट्ट्यांवर. ही खिडकी तोंडी कबुलीवर सोडू नये, विद्यापीठ आणि क्रिकेट संघ यांच्यातल्या करारातच तारखांसह लिहावी.

‘मग बाहेर तयार केलेली खेळपट्टी आणून बसवा’ हे उत्तर लगेच मिळते. अशी खेळपट्टी पोलादी तबकात वाढवतात. सुमारे २५ मीटर लांब, ३ मीटर रुंद, २० सेंटिमीटर खोल आणि वजन ३० टनांच्या घरात. मेलबर्न आणि अ‍ॅडलेडमध्ये ती पद्धत रुळली आहे, पण तिथे तबके वर्षानुवर्षे त्याच हातांखाली आहेत. तरीही २०१७ च्या बॉक्सिंग डे कसोटीनंतर मेलबर्नच्या खेळपट्टीला आयसीसीने ‘खराब’ असा शेरा दिला होता. २०२४ च्या टी-२० विश्वचषकासाठी न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ काउंटीत फ्लोरिडात वाढवलेली तबके आणली गेली, सामन्यांच्या थोडे आधी बसवली गेली आणि उसळी इतकी बेभरवशाची निघाली की खेळपट्ट्या अपेक्षेप्रमाणे नव्हत्या हे आयसीसीला जाहीरपणे मान्य करावे लागले. श्रीलंकेचा डाव तिथे ७७ धावांत आटोपला. तबक जमिनीत बसून तिथल्या ओलाव्याशी जुळायला वेळ लागतो. शिवाय ३० टनांचे तबक वाळूवर उभारलेल्या आउटफिल्डवरून नेताना चाकोऱ्या पडतात आणि खालच्या निचऱ्याच्या नळ्या पिचकतात. विद्यापीठाला वर्षातून दोनदा हे परवडणारे नाही. जागेवरचा, कायमचा चौकच बरा.

इनफिल्डच्या मातीचा प्रश्न सोपा वाटतो, पण जखमा तिथेच होतात. ही माती साधारण हजार चौरस मीटर भरते आणि आपल्या मांडणीत ती क्रिकेटच्या सीमारेषेच्या आत येते. माती आणि गवत जिथे भेटतात तिथे माती सपाट करण्यासाठी रोज फिरवलेल्या जाळीने मातीचा बारीक बांध साचतो. एक-दोन सेंटिमीटरच, पण वेगाने आलेला चेंडू त्यावर आदळला की थेट क्षेत्ररक्षकाच्या तोंडावर उडतो. दरवर्षी माती खरवडून ४-५ सेंटिमीटर जाड हिरवळीचे गालिचे अंथरता येतात, पण ते मुळे धरेपर्यंत दहा-पंधरा दिवस जातात आणि जूनमध्ये तेवढे दिवस नसतात. म्हणून मातीच्या जागी, आणि तेवढ्याच भागात, हिरवे कृत्रिम गवत घालावे. महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये ते सर्रास चालते. कडा भोवतालच्या खऱ्या गवताशी अगदी समपातळीत हवी. उन्हाळ्यात हे गवत भाजण्याइतके तापते, तेव्हा सामन्याआधी आणि डावांच्या मधल्या वेळेत त्यावर पाणी मारावे लागेल. पिचरचा उंचवटा १० इंच उंच आणि १८ फूट व्यासाचा असतो. तो सुट्या भागांचा, उचलून नेता येईल असाच घ्यावा.

एक गोष्ट नकाशात कोणाच्याच लक्षात येत नाही. वरच्या मापांनी फाउल लाइनवरचे पिवळे खांब जवळजवळ खेळपट्टीच्या रेषेत, दोराच्या लगेच बाहेर येतात, म्हणजे नेमके गोलंदाजाच्या हातामागे, साइटस्क्रीनच्या पुढ्यात. हे खांब जमिनीतल्या खोबणीत बसणारे, उपसता येणारे हवेत आणि खोबणीला घट्ट झाकण हवे. साइटस्क्रीन चाकांवर हवी. पांढऱ्या चेंडूसाठी ती काळी लागते, लाल चेंडूसाठी पांढरी. बेसबॉलच्या फलंदाजासमोर मध्यकुंपणावर असलेला गडद पडदा क्रिकेटच्या आड येत नाही, तो कायम राहू द्यावा.

प्रेक्षागाराचेही तसेच. बेसबॉलची उत्तम आसने होम प्लेटमागे असतात आणि तिथून क्रिकेट आडवे दिसते. खेळपट्टीच्या दोन्ही टोकांमागे कॅमेऱ्यांसाठी उंच मचाण आणि निदान काही रांगा पहिल्या दिवसापासून धराव्यात. दिव्यांचे खांबही याच नजरेने बघावेत. बेसबॉलचा आराखडा सर्वाधिक उजेड इनफिल्डवर टाकतो, तर क्रिकेटला तो ७० मीटरवरच्या चौकात हवा. खांब गोलंदाजाच्या रेषेमागे आला तर फलंदाजाला चेंडू दिसणार नाही.

टेक्सासमधील ग्रँड प्रेअरी स्टेडियमचा दाखला वारंवार दिला जातो. ते बेसबॉलसाठी बांधले गेले होते आणि २०२३ पासून तिथे मेजर लीग क्रिकेट होते, हे खरे. पण ते मैदान क्रिकेटचे झाले, दोघांचे राहिले नाही. वाटून घेण्याच्या बाबतीत ते उदाहरण उपयोगी नाही.

शेवटची सूचना माणसांबद्दल. चौकाची चिकणमाती सांभाळणारा आणि बेसबॉलचे मैदान सांभाळणारा हे दोन वेगळे कसबी आहेत. दोघेही हवेत, पण पाऊस पडल्यावर त्या दिवशी मैदान कोणाला द्यायचे, झाकण कधी काढायचे, सराव कधी थांबवायचा हे ठरवणारा एकच मुख्य क्युरेटर हवा आणि तो दोन्ही संघांपैकी कोणाच्याही पगारावर नसावा. त्याची नेमणूक बांधकाम संपल्यावर करून चालणार नाही. वास्तुविशारद पहिली रेघ ओढतो त्या बैठकीत तो बसलेला हवा.

आपला,
मैदान-आखणी व देखभाल क्षेत्रातील एक वाचक