दोन बॅगांत मावलेलं आयुष्य

संपादक महोदय,

मिशनरी सेवेसाठी परदेशात जाणाऱ्यांनी केवढा त्याग केला असं सगळे म्हणतात, पण मी स्वतः तीन वर्षं तशा सेवेत काढलीत आणि मनापासून सांगते, दोन बॅगांत मावेल एवढंच सामान, लाइट कधी असायचे कधी नाही, तरी इतकी शांत झोप मला आधी कधी लागलीच नव्हती. अल्बर्ट श्वाइट्झर बघा ना, ऑर्गनवादक आणि प्राध्यापक म्हणून चांगलं नाव झालेलं, तरी तिशीत मेडिकलला गेले आणि १९१३ मध्ये बायकोसोबत आफ्रिकेत, गॅबनमधल्या लांबारेनेला पोचले, सुरुवातीचा दवाखाना तर चक्क कोंबड्यांच्या खुराड्यात! १९६५ मध्ये वारले तेही तिथेच. परत आल्यावर स्वतःचं भरलेलं कपाट बघून मला गुदमरायला झालं, अर्धं वाटून टाकलं.

– एक वाचक